ई-मेलचा प्रोग्राम निवडण्याआधी टपाल कुठे राहते ते पाहावे

विंडोजबरोबर येणारा 'मेल' हा छोटा प्रोग्राम मायक्रोसॉफ्टने 31 डिसेंबर 2024 रोजी बंद केला. त्या तारखेनंतर त्यातून पत्र पाठवता येईना आणि आलेले पत्रही दिसेना. पुढे 14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10चा सर्वसाधारण आधार (नियमित दुरुस्त्या आणि मदत) संपला आणि अनेकांनी नवे संगणक घेतले. गोव्यात फोंड्यातल्या ज्या करसल्लागाराच्या कार्यालयात मी काम करतो, तिथे विवरणपत्र भरायला आलेली गिऱ्हाइके जाता जाता हटकून एक प्रश्न टाकतात, "आता मेल कशात बघायची? कुठला प्रोग्राम घालू?" प्रश्न सरळ असला तरी त्याचे उत्तर प्रोग्रामच्या नावाने सुरू करता येत नाही, असे माझे मत आहे. आपले टपाल प्रत्यक्षात कुठे साठते, आणि उद्या प्रोग्राम बदलायचा झाला तर ते सगळे उचलून दुसरीकडे नेता येईल का, हे आधी ठरवावे लागते. एकदा ते ठरले की निवडीसाठी दोन-तीनच नावे शिल्लक राहतात.

सुरुवातीलाच हेही सांगायला हवे की बहुतेक घरांना वेगळ्या प्रोग्रामची गरजच नसते. एकच जीमेलचे खाते आहे, दिवसाला चार पत्रे येतात, त्यातली तीन बँकेची आणि विजेच्या बिलाची असतात, आणि तीही मोबाइलवरच वाचली जातात. अशा माणसाने ब्राउझर उघडून टपाल पाहावे आणि बाकीच्या फंदात पडू नये. हौसेने प्रोग्राम घालून त्याची देखभाल मागे लावून घेण्यात शहाणपण नाही.

वेगळा प्रोग्राम लागतो तो मुख्यतः तीन प्रकारच्या लोकांना. ज्यांची घरची, कामाची आणि एखाद्या देवस्थान समितीची अशी अनेक खाती आहेत, त्यांना ती सगळी एका खिडकीत पाहायची असतात. ज्यांच्याकडे इंटरनेटचा भरवसा नाही, त्यांना आलेले टपाल संगणकावर उतरवून ठेवण्याचा मोठा आधार होतो. पावसाळ्यात सत्तरी किंवा काणकोणच्या आतल्या गावात एखादे झाड तारांवर पडले की वीज आणि नेट दोन्ही जातात, आणि लॅपटॉपच्या बॅटरीवर का होईना, जुने पत्र शोधून वाचता येणे ही तेव्हा चैन नसते. तिसरे म्हणजे ज्यांना टपाल वर्षानुवर्षे जपावे लागते ते. आमचा व्यवसाय यात येतो. केंद्रीय जीएसटी कायद्याच्या कलम 169नुसार नोंदणीच्या वेळी दिलेल्या ई-मेल पत्त्यावर पाठवलेली नोटीस ही रीतसर बजावलेली नोटीस धरली जाते, आणि कलम 36नुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून 72 महिने सांभाळावी लागतात. ज्या दुकानदाराची बिले आणि पुरवठादाराशी झालेला पत्रव्यवहार ई-मेलमध्येच आहे, त्याने इनबॉक्सकडे दप्तराच्या कपाटासारखे पाहिले पाहिजे. गूगलच्या मोफत खात्यातली 15 जीबी जागा टपाल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून वाटलेली असते. लग्नाचे फोटो चढवून ती भरली की नवे पत्र आत येतच नाही, पाठवणाऱ्याकडे परत जाते. नोटीस अशी परत गेली तर अधिकाऱ्यासमोर काय सांगायचे, याचा विचार प्रत्येकाने करावा.

आता टपाल राहते कुठे, या मुद्द्याकडे येतो. सर्व्हरवरचे, म्हणजे सेवा देणाऱ्या कंपनीच्या संगणकावरचे, टपाल आपल्या संगणकावर आणण्याच्या दोन जुन्या पद्धती आहेत आणि दोन्ही अजून चालू आहेत. पॉप ही पद्धत 1984 सालापासूनची. तिची तिसरी आवृत्ती, म्हणजे पॉप3, आजही वापरात आहे. त्या काळी सर्व्हरवर जागा थोडी आणि फोनची जोडणी महाग असल्यामुळे एकदा जोडणी करायची, पत्रे उतरवून घ्यायची, सर्व्हरवरून पुसायची आणि फोन ठेवायचा, असा तिचा हिशेब होता. आयमॅप ही पद्धत मार्क क्रिस्पिन यांनी 1986 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार केली. तिच्यात मूळ टपाल सर्व्हरवरच राहते आणि संगणक, लॅपटॉप, मोबाइल या सगळ्यांना त्याच टपालाचे एकसारखे दर्शन होते. एका ठिकाणी पत्र वाचले की दुसऱ्या ठिकाणीही ते वाचलेले दिसते.

या फरकाचा त्रास छोट्या कार्यालयांत हमखास होतो. कार्यालयाचा पत्ता एकच असतो आणि तो चार संगणकांवर घातलेला असतो. त्यांतल्या एकावर पूर्वी कोणीतरी पॉप निवडून ठेवलेले असते. सकाळी तो संगणक आधी चालू झाला की नवी पत्रे तिथे उतरतात आणि सर्व्हरवरून जातात. बाकीचे तिघे रिकामा इनबॉक्स पाहून आज टपालच नाही असे धरून चालतात. पॉपमध्ये प्रत सर्व्हरवर ठेवण्याची सोय असते, पण त्या खिडकीत ती किती दिवस ठेवायची याचाही रकाना असतो आणि त्यात 14 हा आकडा बहुधा आधीच भरलेला असतो. तो कोणी बघत नाही. पंधरवडा उलटला की जुनी पत्रे सर्व्हरवरून गुपचूप निघून जातात आणि गिऱ्हाईक म्हणते, "मेलमध्ये काहीतरी व्हायरस आला." म्हणून एकाहून अधिक यंत्रांवर जे खाते पाहायचे आहे, त्याला आयमॅपच निवडावे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मात्र आयमॅप निवडले म्हणजे टपाल सुरक्षित झाले, असा जो समज आहे तो खोटा आहे. आयमॅप म्हणजे आरसा. कार्यालयातल्या नव्या मुलाने जागा करण्यासाठी त्याच्या संगणकावरून मागच्या वर्षीचा फोल्डर पुसला, तर तो सर्व्हरवरून जातो आणि थोड्याच वेळात सर्वांच्या संगणकांवरूनही जातो. शिवाय सर्व्हर दुसऱ्याच्या मालकीचा असतो. एका इंटरनेट कंपनीने जोडणीबरोबर मोफत दिलेला पत्ता आमच्या ओळखीतले एक फार्मसीवाले अनेक वर्षे वापरत होते. कंपनीने ती सेवा गुंडाळली तेव्हा टपाल हलवायला जी मुदत दिली होती, तिची सूचनाही त्याच पत्त्यावर, जाहिरातींच्या ढिगात आली. गूगलनेही 2023च्या डिसेंबरपासून सलग 2 वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण लागू केले आहे. घरातले कोणी परदेशी गेले आणि इथले जुने खाते तसेच पडून राहिले, असे गोव्यात घरोघर असते. अशा खात्यात जमिनीचे कागद अडकले असतील तर ते वेळेवर उघडून पाहिलेले बरे. तेव्हा मूळ टपाल सर्व्हरवर असावे, त्याची पूर्ण प्रत आपल्या संगणकावर असावी आणि त्या प्रतीची एक प्रत बाहेरच्या डिस्कवर असावी. प्रोग्राम निवडताना पाहायचे ते हे, की मधली प्रत तो कोणत्या स्वरूपात ठेवतो आणि ती आपल्याला उचलू देतो का.

या कसोटीला आउटलुक लावून पाहण्याआधी आउटलुक म्हणजे नेमके कोणते, हे विचारावे लागते, कारण या एका नावाखाली मायक्रोसॉफ्टने इतक्या वस्तू विकल्या आहेत की दुकानदारही गोंधळतो. 1997 साली इंटरनेट एक्सप्लोरर 4बरोबर आलेले आउटलुक एक्सप्रेस वेगळे, ऑफिसबरोबर विकत मिळणारे आउटलुक वेगळे, ब्राउझरमधले आउटलुक डॉट कॉम वेगळे आणि आता विंडोज 11वर आपोआप येणारे 'नवे आउटलुक' आणखी वेगळे. आउटलुक एक्सप्रेस इतिहासजमा झाले असले तरी त्याच्या फायली अजून जुन्या डिस्कांवर सापडतात.

ऑफिसबरोबरचे जुने आउटलुक, ज्याला आता 'क्लासिक' म्हणतात, हा दमदार प्रोग्राम आहे. भेटीच्या नोंदी, कामांची यादी, पत्रांचे आपोआप वर्गीकरण यांत त्याची बरोबरी करणारे थोडेच. मायक्रोसॉफ्टने त्याला निदान 2029पर्यंत आधार देण्याचे जाहीर केले आहे. पॉप खात्याचे सगळे टपाल तो पीएसटी नावाच्या एका फायलीत ठेवतो. 2003च्या आधीच्या आवृत्त्यांत ती फाईल 2 जीबीच्या पुढे गेली की बिघडत असे. 2010पासूनच्या आवृत्त्यांत ती मर्यादा 50 जीबी आहे. फाईल कॉपी करून नेता येते, ही चांगली गोष्ट. पण ती उघडायला बहुतेक वेळा पुन्हा आउटलुकच लागते, ही तितकीशी चांगली नाही. आयमॅप खात्यासाठी तर तो ओएसटी नावाची वेगळी फाईल करतो आणि ती दुसऱ्या संगणकावर नेऊन सरळ उघडता येत नाही. ज्या कार्यालयात मायक्रोसॉफ्टची वर्गणी आधीपासून भरली जाते आणि पत्तेही मायक्रोसॉफ्टच्याच सर्व्हरवर आहेत, तिथे क्लासिक आउटलुक सोडण्याचे काही कारण नाही. फक्त टपालासाठी ते विकत घ्यावे असे मात्र मी कोणाला सांगणार नाही.

नव्या आउटलुकबद्दल माझे मत कडक आहे. ते मोफत आहे, दिसायला स्वच्छ आहे आणि मोफत वापरणाऱ्याच्या इनबॉक्समध्ये जाहिराती दाखवते. जाहिरातींचे एक वेळ चालेल. अडचण अशी की त्यात जीमेल, याहू किंवा दुसरे कोणतेही आयमॅप खाते घातले की त्या खात्यातले टपाल मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडशी जुळवले जाते, म्हणजे आपल्या संगणकावरचा प्रोग्राम आपल्या सर्व्हरशी थेट बोलत नाही, मध्ये मायक्रोसॉफ्टचा सर्व्हर असतो. खाते जोडताना तशी सूचना दिसते, पण 'पुढे' दाबण्याच्या घाईत ती कोण वाचतो? घरच्या टपालाला याने फारसा फरक पडत नसेल. ज्या कार्यालयात लोकांचे पॅन क्रमांक, बँकेची विवरणे आणि मृत्युपत्रांचे मसुदे येतात, तिथे गिऱ्हाइकाच्या कागदांना आणखी एक थांबा द्यायचा का, याचा निर्णय मालकाने जाणूनबुजून घ्यावा. विंडोजने परस्पर घेऊ नये.

उरतो तो थंडरबर्ड हा मोफत प्रोग्राम, आणि आमच्या कार्यालयात तोच आहे. त्याची 1.0 आवृत्ती डिसेंबर 2004मध्ये आली. त्याच वर्षी 1 एप्रिलला जीमेल सुरू झाले होते आणि 1 जीबी जागा मोफत म्हटल्यावर अनेकांना तो एप्रिल फूल वाटला होता. जीमेल वाढत गेले तशी संगणकावरच्या टपाल-प्रोग्रामांची गरज संपली असे बोलले जाऊ लागले, आणि 2012 साली तो करणाऱ्या मोझिलाने (फायरफॉक्स ब्राउझरवाल्या) थंडरबर्डवरचे आपले काम आखडतेही घेतले. तो मेला नाही. स्वयंसेवकांनी तो चालवला, 2020 साली त्याच्यासाठी मोझिला फाउंडेशनच्या अखत्यारीत वेगळी कंपनी झाली, आणि आता त्याचा खर्च मुख्यतः वापरणाऱ्यांच्या देणग्यांवर चालतो. 2023च्या 115व्या आवृत्तीत त्याचे जुनाट रूप बरेच बदलले. के-9 मेल हा अँड्रॉइडवरचा जुना प्रोग्राम त्याच्या परिवारात आल्यावर ऑक्टोबर 2024पासून मोबाइलवरही तो मिळू लागला.

मला त्याचे मोल वाटते ते टपाल ठेवण्याच्या त्याच्या साध्या पद्धतीमुळे. मदतीच्या मेनूतून त्रुटीनिवारणाच्या माहितीचे पान उघडले की त्यावर प्रोफाइल फोल्डर, म्हणजे त्याची सगळी साठवण जिथे असते तो, उघडण्याचे बटण असते. आत गेल्यावर प्रत्येक खात्याचा फोल्डर दिसतो आणि त्यात इनबॉक्स नावाची, शेवटी कसलेही शेपूट नसलेली, एक भली मोठी फाईल असते. तिच्या शेजारी त्याच नावाची छोटी फाईल असते, ती केवळ अनुक्रमणिका. मोठ्या फायलीची एक प्रत काढून ती नोटपॅडमध्ये उघडावी. पत्रे एकाखाली एक, आल्या क्रमाने लिहिलेली दिसतात: आधी पत्र कोणत्या सर्व्हरांवरून फिरत आले त्याच्या ओळी, मग पाठवणारा, तारीख, विषय आणि त्याखाली मजकूर. विषय मराठीत असेल तर त्या जागी प्रश्नचिन्हांमध्ये अडकलेली रोमन अक्षरांची माळ दिसते, कारण देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत तीन बाइट (साठवणीचे लहान एकक) घेते आणि ई-मेलच्या जुन्या वाटेने जाण्यासाठी त्या तीन बाइटांची चार रोमन चिन्हे करावी लागतात. या स्वरूपाला एमबॉक्स म्हणतात. ते युनिक्स या जुन्या संगणकप्रणालीच्या काळापासूनचे आहे आणि ते वाचणारे डझनभर प्रोग्राम आहेत. उद्या थंडरबर्ड बंद पडला तरी ही फाईल वाचता येणार आहे.

या पद्धतीचे तोटेही आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. पत्र पुसले तरी ते या फायलीतून लगेच जात नाही, त्यावर केवळ खूण पडते. फाईल आवळण्याची ('कॉम्पॅक्ट') आज्ञा दिल्यावर, किंवा पुरेसा कचरा साठल्यावर प्रोग्रामने विचारल्यावर, ते खरोखर निघते. हे आवळणे चालू असताना वीज जाऊ नये. ज्यांच्याकडे इन्व्हर्टर नाही त्यांनी हे काम जूनच्या गडगडाटी संध्याकाळी काढू नये, एवढे साधे पथ्य. दुसरे म्हणजे एखाद्या अँटिव्हायरसला एका पत्रात विषाणू दिसला तर तो बिचारा सबंध इनबॉक्सची फाईलच अडकवून ठेवण्याचा संभव असतो, कारण त्याच्या दृष्टीने ती एकच फाईल आहे. म्हणून इनबॉक्स लहान ठेवावा आणि प्रत्येक आर्थिक वर्षाचा वेगळा फोल्डर करून 31 मार्चनंतर जुने टपाल त्यात हलवावे. आमच्याकडे शोधाशोधही त्यामुळे सोपी झाली.

बाकीच्यांचा उल्लेख थोडक्यात करतो. ईएम क्लायंट हा प्रोग्राम देखणा आहे आणि घरगुती वापरासाठी दोन खात्यांपर्यंत मोफत आहे. कार्यालयाला तो विकतच घ्यावा लागतो. मॅक असेल तर ॲपलचा मेल पुरेसा आहे. लिनक्स वापरणाऱ्यांना एव्होल्यूशन आणि क्लॉज मेल माहीत असतात आणि ते सहसा सल्ला विचारायला येत नाहीत.

प्रोग्राम घातल्यावर पहिली ठेच पासवर्डला लागते. पत्ता आणि पासवर्ड बरोबर असूनही जीमेल आत घेत नाही, अशी तक्रार घेऊन येणाऱ्याकडे बहुधा जुना प्रोग्राम असतो. नुसत्या पासवर्डवर चालणाऱ्या प्रोग्रामांना गूगलने 30 मे 2022पासून वैयक्तिक खात्यांत मज्जाव केला आहे. आताचे प्रोग्राम ओऑथ नावाची पद्धत वापरतात: खाते जोडताना गूगलच्या स्वतःच्या पानाची खिडकी उघडते, पासवर्ड तिथे द्यायचा, मोबाइलवर आलेल्या विचारणेला होकार द्यायचा, आणि मग प्रोग्रामला पासवर्डाऐवजी एक परवाना मिळतो. पासवर्ड प्रोग्रामच्या हाती लागतच नाही. ज्याला जुना प्रोग्राम सोडवतच नाही त्याच्यासाठी दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून 16 अक्षरांचा वेगळा पासवर्ड काढण्याची पळवाट गूगलने ठेवली आहे, पण नवीन संगणकावर जुना प्रोग्राम ओढत नेण्यासाठी ती वापरणे म्हणजे हट्ट झाला.

जीमेलचे खाते आयमॅपने जोडणाऱ्याने आणखी एक गोष्ट पाहावी. जीमेलमध्ये फोल्डर नसतात, लेबले असतात, आणि एकाच पत्राला अनेक लेबले लागू शकतात. बाहेरच्या प्रोग्रामला मात्र प्रत्येक लेबल म्हणजे एक फोल्डर वाटतो. त्यामुळे इनबॉक्समधले पत्र इनबॉक्समध्ये एकदा आणि 'ऑल मेल'मध्ये पुन्हा असे दोनदा उतरते, आणि डिस्कवर जागा दुप्पट जाते. जीमेलच्या सेटिंगमध्ये लेबलांच्या यादीत 'ऑल मेल'समोरची आयमॅपमध्ये दाखवण्याची खूण काढली की हा प्रश्न मिटतो. ज्यांना जीमेलमध्ये 'आर्काइव्ह' दाबून पत्र इनबॉक्समधून बाजूला काढायची सवय आहे त्यांनी मात्र ती खूण काढू नये, कारण त्यांचे जुने टपाल फक्त तिथेच असते.

मराठीत पत्रव्यवहार करणाऱ्यांसाठी प्रोग्रामपेक्षा टंक (फॉन्ट) जास्त महत्त्वाचा. गोव्यात जत्रेच्या पत्रिका, नाट्यप्रयोगांची निमंत्रणे, संस्थांच्या वार्षिक सभांच्या सूचना मराठीत निघतात आणि छापखान्यात त्यांची जुळणी अजूनही पुष्कळदा श्रीलिपीसारख्या जुन्या टंकांत होते. तिथली फाईल उघडून मजकूर उचलून ई-मेलमध्ये चिकटवला की समोरच्याला रोमन अक्षरांचा खिचडा दिसतो, आणि दोष प्रोग्रामच्या माथी येतो. त्या टंकांत मुळात देवनागरी अक्षर नसतेच. रोमन अक्षराला देवनागरी चेहरा लावलेला असतो. अशा वेळी पीडीएफ जोडावी, किंवा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सर्व लिप्यांसाठीच्या समान संकेतात, करून घ्यावा. युनिकोडमधले मराठी वर सांगितलेल्या प्रत्येक प्रोग्राममध्ये नीट दिसते. विंडोज 8पासून निर्मला यूआय हा टंक यंत्रावरच असतो.

मर्दोळला राहणाऱ्या माझ्या आत्याच्या संगणकावर याच्या उलट प्रकार पाहायला मिळाला. तिचा मुलगा लिस्बनला असतो आणि घराण्याच्या जुन्या जन्मनोंदींबाबत तिथल्या वकिलाची पोर्तुगीज पत्रे तिच्याकडे येतात. काही पत्रांत नाकातल्या उच्चाराचे चिन्ह असलेल्या प्रत्येक स्वराच्या जागी दोन-दोन विचित्र आकृत्या दिसत होत्या. पत्र यूटीएफ-8मध्ये लिहिलेले होते, त्यात अशा अक्षराला दोन बाइट लागतात, आणि वाचणारा प्रोग्राम जुन्या पाश्चात्त्य संकेतानुसार प्रत्येक बाइटचे वेगळे अक्षर करत होता. थंडरबर्डमध्ये संकेत दुरुस्त करण्याची आज्ञा 'व्ह्यू' मेनूतच आहे. ती दिल्यावर पत्र सरळ झाले. नोंदीतल्या नावाचे एक अक्षर चुकले तर कचेरीत काय होते, हे गोव्यातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

जोडलेल्या फायलींचा हिशेबही एकदा समजून घ्यावा. जीमेलची मर्यादा 25 एमबी आहे, पण मर्यादेच्या आतली मोठी फाईल घातली तरी गाडी कधी कधी अडते. तीन बाइटांची चार चिन्हे होण्याचा जो प्रकार वर सांगितला, तोच जोडलेल्या प्रत्येक फायलीला लागू असतो, त्यामुळे तिचे वजन वाटेत साधारण तिसऱ्या हिश्शाने वाढते. कोणताही प्रोग्राम घेतला तरी यातून सुटका नाही. ज्यांच्या घरचे कोणी जहाजावर आहे त्यांना तर लहान फायलींची सवय करावीच लागते; भर समुद्रात नेट उपग्रहावरून येते आणि ते सगळ्या खलाशांत वाटलेले असते. शाळेच्या दाखल्याचा फोटो आकार कमी करून पाठवला तरी वाचता येतो.

सुरक्षिततेच्या बाबतीत मी प्रोग्रामकडून दोनच गोष्टींची अपेक्षा करतो. पत्रातली बाहेरून येणारी चित्रे त्याने न विचारता उतरवू नयेत, कारण ते चित्र उतरले की पाठवणाऱ्याला पत्र उघडल्याचे कळते. आणि पाठवणाऱ्याच्या नावाबरोबर त्याचा पूर्ण पत्ता दिसावा. जुलै महिन्यात आयकर परताव्याच्या नावाने बनावट पत्रांचा पूर येतो. नाव खात्याचे असते, पत्ता कुठल्यातरी परदेशी दुकानाचा असतो. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर पत्ता झाकलेला राहतो. संगणकावर तो समोर दिसतो आणि दुव्यावर माउस नेला की खाली खरा दुवाही दिसतो. आयकर विभागाची कलम 143(1)ची खरी सूचना जोडलेल्या पीडीएफमध्ये येते आणि ती पॅन लहान लिपीत व जन्मतारीख मिळून होणाऱ्या पासवर्डाने उघडते. दुवा दाबून बँक खाते भरायला ती सांगत नाही.

आत्याच्या विंडोज 10च्या संगणकावरून नव्या संगणकावर टपाल नेताना तिने एकच अट घातली. "अरे, माझी जुनी पत्रं जायला नकोत, बाकी तुला हवं ते कर." तिचे जुने टपाल एका पॉप खात्यातले होते आणि ते फक्त त्या डिस्कवरच होते. जुन्या यंत्रावर थंडरबर्डमध्ये तिचे आयमॅपचे खातेही जोडले, त्यात वर्षांप्रमाणे फोल्डर केले आणि पॉपमधली पत्रे मूठमूठभर उचलून त्या फोल्डरांत सोडली. मूठमूठभर अशासाठी, की हजारो पत्रे एकदम सोडली तर सर्व्हर मध्येच हात आखडता घेतो आणि कोणती गेली, कोणती राहिली हे शोधत बसावे लागते. पत्रांची मूळ तारीख याने बदलत नाही. मग नव्या संगणकावर तेच खाते जोडून, सर्व फोल्डर या संगणकावरही ठेवण्याची खूण केली आणि ते पूर्ण उतरेपर्यंत रात्रभर चालू ठेवले. दोन्हीकडे प्रत्येक फोल्डरमधली पत्रांची संख्या जुळवून पाहिली. त्यानंतर थंडरबर्ड बंद करून प्रोफाइलचा सबंध फोल्डर बाहेरच्या डिस्कवर उतरवला. प्रोग्राम चालू असताना ही प्रत कधी काढू नये, कारण फायली मध्येच लिहिल्या जात असतात. ती डिस्क आता सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात असते; आपल्याकडच्या दमट हवेत उघड्या फडताळावर ठेवलेल्या डिस्कची खात्री देता येत नाही.

जुना संगणक तिने वाड्यावरच्या एका विद्यार्थिनीला द्यायचे ठरवले आहे. तो हातचा जाण्याआधी गूगल खात्याच्या सुरक्षेच्या पानावर जाऊन जोडलेल्या यंत्रांच्या यादीतून त्याचे नाव काढायचे आहे, थंडरबर्डला दिलेला तिथला परवाना रद्द करायचा आहे, आणि सगळी डिस्क पुसून त्यावर विंडोजऐवजी उबंटू ही मोफत लिनक्स प्रणाली घालायची आहे, म्हणजे विंडोज 10चा आधार संपल्याचा प्रश्नही त्या मुलीपुरता राहणार नाही. उबंटू घालताना विस्तारित निवड घेतली की थंडरबर्डही बरोबर येतो.